खोक्यावरच लिहा ना, ‘पिवळी पिन नाही’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आईच्या खोलीत पिक्चर ट्यूबचा जुना टीव्ही आहे आणि तो अजून ठणठणीत चालतो. रंग छान, आवाज स्वच्छ, रिमोटची बटणं तिला अंधारातही बरोबर सापडतात. तिच्यासाठी नवीन ब्लू-रे प्लेअर (हाय डेफिनिशन सिनेमाच्या डिस्क लावायचा) आणला, खोकं उघडलं, मागची बाजू बघितली तर एचडीएमआयचं एकच सॉकेट, ज्यातून चित्र आणि आवाज एकाच वायरने जातात, आणि टीव्हीच्या मागे फक्त पिवळं (चित्राचं), पांढरं, लाल (आवाजाची). जोडायचं कसं? दुकानात विचारलं तर सांगितलं, टीव्ही बदला. चालता टीव्ही का म्हणून बदलायचा हे मला अजूनही पटलेलं नाही, म्हणून हे पत्र लिहितोय.

आधी वाटलं आपणच चुकीचं मॉडेल उचललं. पण तसं नाहीये. ब्लू-रे डिस्कवर एएसीएस नावाचं कॉपी-संरक्षण असतं, आणि त्याच्या लायसन्समध्येच लिहिलेलं आहे की २०१० नंतर बनलेल्या प्लेअरनी ब्लू-रेचं चित्र अ‍ॅनालॉग, म्हणजे पिवळ्या पिनेसारख्या जुन्या पद्धतीच्या सॉकेटातून द्यायचंच असेल तर फक्त साध्या एसडी, म्हणजे जुन्या टीव्हीच्या दर्जाचं द्यायचं, आणि २०१३ संपल्यावर तेही बंद. म्हणजे पिवळी पिन काही विसरून राहिलेली नाही, ठरवून काढलेली आहे. ठीक आहे, कंपन्यांना नियम पाळावा लागतो. पण मग खोक्यावर दिसेल अशा ठिकाणी एक ओळ छापायला काय हरकत आहे, की हा प्लेअर फक्त एचडीएमआयवाल्या टीव्हीला सरळ लागतो, जुन्या टीव्हीला कन्व्हर्टर लागेल? एवढं वाचायला मिळालं असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते.

तीन आठवडे कसे गेले तेही सांगतो, कारण याच चुका बाकीचेही करत असणार. पहिल्यांदा घेतली ती एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना असलेली साधी वायर. ती चालत नाही. चालूच शकत नाही, कारण एचडीएमआयमधून डिजिटल सिग्नल येतो, जुन्या टीव्हीला अ‍ॅनालॉग हवा असतो, आणि नुसत्या तांब्याच्या तारेत तो बदलून देणारं काहीच नसतं. तरी ती वायर सर्रास विकली जाते याचा मला खरंच राग येतो. दुसऱ्यांदा कन्व्हर्टरची डबी घेतली तर ती निघाली उलट्या दिशेची, ‘एव्ही टू एचडीएमआय’ (एव्ही म्हणजे तीच तीन रंगीत सॉकेटं), म्हणजे जुना व्हीसीआर नव्या टीव्हीला लावायची. दोन्ही डब्या दिसायला सारख्याच, फरक फक्त नावातल्या क्रमाचा. आपल्याला हवी ती ‘एचडीएमआय टू एव्ही’, आणि तिला करंट लागतो, बहुतेक वेळा यूएसबीची वायर लावून, ती न लावता डबी बिघडली म्हणून परत करू नका.

बरोबर डबी आल्यावर चित्र आलं पण काळंपांढरं. डबीच्या बाजूला पाल आणि एनटीएससी असं एक बारीक बटण असतं, टीव्ही ज्या पद्धतीचा आहे तिकडे ते सरकवावं लागतं (पाल म्हणजे ६२५ रेषा आणि सेकंदाला ५० फील्ड, एनटीएससी म्हणजे ५२५ आणि साधारण ६०). ते चुकलं की रंग तरी जातो नाहीतर चित्र वरखाली पळत राहतं. मग रंग आले तर आवाज नाही! प्लेअर डॉल्बीचा बिटस्ट्रीम, म्हणजे दाबून बांधलेला आवाज, पाठवत होता आणि डबीला तो उलगडता येत नव्हता, ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन पीसीएम स्टीरिओ (आधीच उलगडलेला साधा आवाज) केल्यावर लगेच आवाज आला.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो चेहऱ्यांवर. सगळी माणसं लांबुडकी आणि बारीक दिसायची, आई म्हणाली हे सगळे आजारी आहेत का. टीव्ही ४:३ आकाराचा (रुंदी आणि उंचीचं प्रमाण), डिस्क जास्त रुंद १६:९ ची, आणि डबी ते सगळं चित्र दोन्ही बाजूंनी दाबून बसवत होती. प्लेअरच्या मेनूत ४:३ निवडलं तरी फरक पडेना, कारण १०८०पी (१०८० रेषांचं) चित्र कायम १६:९च असतं. आधी रिझोल्यूशन ५७६पी वर आणलं (एनटीएससी असेल तर ४८०पी), मग ४:३ लेटरबॉक्स केलं, तेव्हा कुठे वर-खाली काळ्या पट्ट्या आल्या आणि माणसं माणसांसारखी दिसायला लागली. ही जोडी एकत्र करायची असते हे मॅन्युअलमध्ये एका जागी लिहिलेलंच नाही, दोन वेगळ्या पानांवर आहे, आणि तेच मला सगळ्यात जास्त खटकतं.

टीव्हीला दोनच सॉकेटं असतील, पिवळं आणि पांढरं, तर आवाज एकाच बाजूचा येतो, तिथे लाल-पांढरं एकत्र करणारी वाय पिन लावा. आणि टीव्हीवर एव्ही मोड निवडायला विसरू नका.

यातून हाय डेफिनिशन मिळत नाही, हे मान्य. ट्यूबला जेवढ्या रेषा दाखवता येतात तेवढ्याच दिसणार. पण आईला रेषा मोजायच्या नाहीत, तिला तिच्या टीव्हीवर डिस्क बघायची आहे. शिवाय पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, असा टीव्ही उगाच भंगारात गेला तर ते कुठेतरी मातीत जाणारच, आणि एका छोट्या डबीने तो अजून काही वर्षं चालत असेल तर ‘टीव्ही बदला’ हा सल्ला देणं चूक आहे असं मी अगदी ठाम म्हणेन.

आपल्या पेपरात नव्या फोनबद्दल दर आठवड्याला वाचायला मिळतं. जुन्या वस्तूंना नव्या वस्तू कशा जोडायच्या यावरही कधीतरी अर्धा कॉलम द्यावा ही विनंती, सोबत मागच्या सॉकेटांचं रंगीत चित्र असेल तर फारच बरं, कारण पिवळी पिन कुठे आणि कॉम्पोनंटची (चित्र तीन वायरींनी नेणाऱ्या जोडणीची) हिरवी कुठे यातही बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.

कळावे,
आपला एक नियमित वाचक