मनू, विचारायला लाजू नकोस

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र कागदपत्रांच्या फाईलमध्ये वरच ठेवलंय. समोर बसवून सांगायला गेलो की तू "हो पप्पा, माहितीये" म्हणतेस, आणि तेवढ्यात आईला लोणच्याची बरणी कुठल्या पिशवीत घालायची ते विचारायचं असतं. तेव्हा लिहूनच देतो. फर्ग्युसन कॉलेजात बीएस्सीला चाललीस, तर पुण्यात पोचल्यावर पहिल्या रविवारी निवांत वाच.

मी इथं करमाळ्याच्या कॉलेजात शिकवत नाही, ऑफिसात बसतो. पण प्रवेशाचा फॉर्म, परीक्षेचा फॉर्म, शिष्यवृत्ती, दाखला, सगळ्यासाठी मुलं माझ्याच खिडकीशी येतात. कोर्टीची, केमची, जेऊरची, वाड्यावस्त्यांवरची. त्यातली कितीतरी त्यांच्या घरातली कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. इतकी वर्षं त्यांना बघून माझं एक मत पक्कं झालंय. बुद्धी कमी पडली म्हणून शिक्षण सोडणारी मुलं फार थोडी असतात. बाकीची सुटतात ती अडचण वेळेवर कुणाला सांगत नाहीत म्हणून.

एका मुलाचं सांगतो. बारावीला चांगले मार्क, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आला होता. ऑगस्टमध्ये त्याला टायफॉईड झाला, तीनेक आठवडे गावीच पडून होता. परत आला तेव्हा काही प्रॅक्टिकल्स होऊन गेलेली, जर्नलवर सह्या नाहीत. सर ओरडतील या भीतीनं त्यानं ते प्रॅक्टिकलच चुकवायला सुरुवात केली. मग त्याच सरांचं लेक्चरही चुकवायला लागला. पुढंपुढं कॉलेजात यायचा आणि कँटीनमागच्या कट्ट्यावर बसून परत जायचा. परीक्षेचे फॉर्म सुरू झाले तेव्हा माझ्या खिडकीशी उभा राहिला आणि म्हणाला, "नाव काढायचंय, दाखला द्या." मी आत बोलावून खुर्ची दिली, विचारलं. त्यानं शर्टाच्या खिशातून डॉक्टरांचं सर्टिफिकेट काढलं. चार घड्या घातलेलं, घड्यांवर फाटत आलेलं. सप्टेंबरपासून खिशात होतं ते. त्याच आठवड्यात एक साधा अर्ज लिहून त्याला जोडलं असतं तर प्राचार्यांपर्यंत मी स्वतः नेलं असतं. आजारपणाची हजेरी विचारात घेता येते, राहिलेली प्रॅक्टिकल्स सर भरून घेतात. सत्र संपताना मात्र कुणाच्या हातात काही उरलेलं नसतं. सरांनी त्याला पुढच्या वर्षी परत ये म्हणून सांगितलं. तो हो म्हणाला, पण तोवर त्याचं चाकणला कंपनीत काम ठरलं होतं.

मनू, माझा आग्रह एवढाच आहे. काही बिघडलं, काही कळलं नाही, काही चुकलं, तर त्याच आठवड्यात कुणाला तरी सांग. सरांना, मॅडमना, ऑफिसातल्या माणसाला, रूममेटला, मला. पहिल्या आठवड्यात जे एका अर्जावर सुटतं ते तीन महिन्यांनी वर्ष घेऊन जातं.

तुझा स्वभाव मला माहीत आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर सायन्स इंग्रजीतून. पेपर तू इंग्रजीत छान लिहितेस, पण बोलायची वेळ आली की गप्प होतेस. फर्ग्युसनमध्ये तुझ्या शेजारी बसणारी मुलगी सरांशी फाडफाड इंग्रजी बोलेल. बोलू दे तिला. तिला फिजिक्स तुझ्यापेक्षा जास्त येतं, असा त्याचा अर्थ नाही. शंका वर्गात विचारवत नसेल तर लेक्चर संपल्यावर सरांना गाठ आणि सरळ म्हण, "सर, मराठीत विचारलं तर चालेल का?" पुण्यातल्या कॉलेजात याला नाही म्हणणारे शिक्षक मला तरी भेटलेले नाहीत. डॉ. जयंत नारळीकर केंब्रिजला शिकले, तिथं संशोधन केलं, पुण्यात १९८८ साली आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली तिचे ते संस्थापक-संचालक होते. या माणसानं आयुष्यभर विज्ञान मराठीतून लिहिलं आणि सांगितलं. तेव्हा मराठीत प्रश्न पडतो म्हणून तो प्रश्न हलका होत नाही. इंग्रजी बोलणंही शिकायचंच आहे, ते वर्षभरात येईल. शंका मात्र वर्षभर थांबवून ठेवता येत नाही, कारण पुढचा धडा तिच्यावरच उभा असतो.

आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आयुका बघायला जा. त्या दिवशी ती सगळ्यांसाठी खुली असते. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटीच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणी आहेत, तिथंही तेव्हा विज्ञान प्रदर्शन भरतं. मैत्रिणी जमवून एखाद्या वर्षी तेही बघ. तिथं उभ्या असलेल्या संशोधक मुलामुलींना विचार, तुम्ही इथवर कसे आलात, कुठली परीक्षा दिलीत. कुणी आयआयटीच्या एमएस्सीसाठी असलेल्या जॅम परीक्षेचं सांगेल, कुणी दुसरा रस्ता सांगेल. माझ्याकडे ही माहिती फॉर्मवर असते तेवढीच आहे. जे त्या रस्त्यानं गेलेत त्यांच्याकडून ऐकलेलं वेगळं.

सीईटीला बरे मार्क असताना पोरीला बीएस्सीला का घालताय, असं मला पाहुण्यांनी विचारलं आणि पुढंही विचारतील. त्यांना उत्तर द्यायचं काम माझं आहे, तू ते डोक्यात घेऊ नकोस. तुला फिजिक्स आवडतं हे कारण मला पुरेसं आहे. तू ज्या कॉलेजात चाललीस ते १८८५ सालचं. कोकणातल्या मुर्डी गावचे रघुनाथराव परांजपे तिथं शिकले, १८९९ साली केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर, म्हणजे पहिले, आले, तो मान मिळवणारे ते पहिले भारतीय. आणि परत येऊन त्याच कॉलेजचे प्राचार्य झाले. खेड्यातून आलेल्या मुलांची त्या वर्गांना सवय आहे.

आता अभ्यासाचा हिशोब. नव्या शैक्षणिक धोरणात सगळं क्रेडिटवर चालतं. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तास. दोन क्रेडिटचा विषय असेल तर अख्ख्या सत्रात त्याचे तास फक्त ३०. ७५ टक्के हजेरी धरली तर सातच्या वर चुकवता येत नाहीत. म्हणजे एका लग्नापायी चार तास, एका जत्रेपायी तीन तास बुडवलेस तर आजारी पडायला जागाच उरत नाही. म्हणून घरच्या कुठल्याही कार्यासाठी आम्ही बोलावलं तरी आधी वेळापत्रक बघ आणि जमत नसेल तर नाही म्हण. आजी रुसेल, मी समजावीन. प्रॅक्टिकलचं जर्नल त्याच आठवड्यात तपासून सही घ्यायची. साठवायचं नाही.

बारावीसारखं अपेक्षित प्रश्न पाठ करून इथं भागणार नाही. पुस्तकं वाच. कॉलेजचं वाडिया ग्रंथालय आहे, पहिल्याच आठवड्यात कार्ड काढ. एखादा विषय राहिलाच तर घाबरायचं कारण नाही. एटीकेटी मिळते का, किती विषयांपर्यंत मिळते, हा नियम निकालाच्या आधीच माहीत करून घे. दोन विषय राहिले म्हणजे कॉलेज संपलं असं समजून घरी बसलेल्या मुली मी पाहिल्यात, आणि पुढच्या सत्रात बसण्याचा त्यांना पूर्ण हक्क होता. कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं.

मेजर म्हणजे मुख्य विषय कुठला, मायनर म्हणजे जोडविषय कुठला, चार वर्षांची ऑनर्स की तीन वर्षांची पदवी, याची काळजी आत्ता करू नकोस. एक वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं असं धोरणात आहे. ती अडलेल्यासाठी सोय आहे. तू मात्र पदवी पूर्ण करायची.

कागदांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथंच मुलं अडकतात. मूळ कागद कुणालाही पोचपावतीशिवाय द्यायचा नाही. सगळ्याचे स्कॅन डिजीलॉकरमध्ये आणि माझ्या मेलवर आहेत. महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा फॉर्म आपण भरलाय, पण पुढच्या वर्षी त्याचं नूतनीकरण तुलाच करायचं आहे. पहिल्या वर्षी सगळे भरतात, दुसऱ्या वर्षी विसरतात आणि पैसे का आले नाहीत म्हणून मार्चमध्ये विचारायला येतात. आणखी एक गोष्ट. शिष्यवृत्तीचे पैसे ज्या खात्याला आधार शेवटचं जोडलेलं असतं त्या खात्यात जातात. कॉलेजबाहेर कुणीतरी टेबल टाकून झिरो बॅलन्स खातं उघडून देत असेल आणि आधारची संमती मागत असेल तर उघडू नकोस. पैसे भलत्याच खात्यात जातात आणि मुलं वर्षभर पोर्टलला दोष देत बसतात. उत्पन्नाचा दाखला मी तहसीलमधून दरवर्षी काढून पाठवीन, ते माझ्याकडे.

पैशांचं फार सांगत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला पाठवीन. कमी पडले तर सांग, कशाला लागले ते विचारणार नाही. मोबाईलवर दोन मिनिटांत कर्ज देणाऱ्या ॲपच्या वाटेला मात्र अजिबात जाऊ नकोस, मैत्रिणीसाठीसुद्धा नाही. ती माणसं फोनमधले सगळे नंबर घेतात आणि मग घरच्यांना फोन करून छळतात. तुला स्वतः काही कमवावंसं वाटलं तर पुणे विद्यापीठाची कमवा व शिका योजना आहे, कॉलेजात चौकशी कर. ग्रंथालयात, ऑफिसात तासावर काम मिळतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतच्या वसतिगृहांत मुलांना काम करत शिकवलं, त्या कामात कमीपणा नाही. पण पहिलं सत्र जाऊ दे, मग बघ.

प्रवेशाच्या वेळी आपण दोघांनी रॅगिंगविरोधी हमीपत्र भरलं होतं, आठवत असेल. तो नुसता कागद नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आहे. ओळख करून घेणं आणि त्रास देणं यातला फरक तुला पोटात लगेच कळेल. तसं झालं तर रेक्टर मॅडमना सांग, किंवा १८००-१८०-५५२२ या नंबरवर फोन कर. मुलीशी कुणी वावगं वागलं, मग तो विद्यार्थी असो वा शिक्षक, तर त्यासाठी कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असते. तिच्यावर कोण आहेत त्यांची नावं नोटीस बोर्डावर असतात, ती वाचून ठेव. आणि असं काही झालं तर पहिला फोन घरी. तुझं काय चुकलं असं या घरात तुला कुणी विचारणार नाही. कॉलेजमागच्या टेकडीवर फिरायला जरूर जा, अंधार पडायच्या आत उतर, आणि एकटी जाऊ नकोस.

आता जे सांगायला मला सगळ्यात अवघड जातं ते. इथं तालुक्यात तू पहिली आलीस. तिथं वर्गात प्रत्येक जण कुठून ना कुठून पहिला आलेला असेल. पहिल्या इंटर्नलला मार्क कमी पडतील, बहुतेक सगळ्यांनाच पडतात. तेव्हा "पप्पांनी एवढा खर्च केला" हे मनात आणून मार्क लपवू नकोस. मला खरे मार्क सांग, मी ओरडणार नाही. आणि कधी नुसतंच रडू यायला लागलं, झोप लागेना, जेवण जाईना, वर्गात जावंसं वाटेना, आणि दोन आठवडे तसंच चाललं, तर तो आळस नसतो. तेव्हा डॉक्टरांना दाखवायचं असतं. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत. मला सांगणं जड गेलं तर तिथं सांग. पण कुणाला तरी सांग. मी लगेच येईन. रात्री निघालो तरी सकाळी तुझ्यापाशी असेन.

रूममेट कुठल्याही गावच्या असोत, त्यांच्या घरच्यांचे नंबर घेऊन ठेव आणि आपला देऊन ठेव. कुणी आजारी पडलं तर सोबत दवाखान्यात जा. तुलाही कुणीतरी लागणार आहे. मेसचं जेवण पहिले काही दिवस जाणार नाही. शेंगादाण्याची चटणी आणि भाजणी आईनं दिलीय, पण नाश्ता सोडून सकाळच्या प्रॅक्टिकलला जाऊ नकोस, तुला चक्कर येते.

फोन रोज केलाच पाहिजे असं नाही. रविवारी संध्याकाळी मात्र कर, आजीला त्या वेळी मालिका नसते. दिवाळीच्या सुट्टीची तारीख लागली की त्याच दिवशी कळव. स्वारगेटहून करमाळ्याच्या गाड्या तेव्हा भरून येतात, आरक्षण मी इथून काढीन. एसटीत तुला अर्धं तिकीट आहे, ओळखपत्र पर्समध्ये असू दे.

तुझे,
पप्पा

ता. क. फाईलच्या मागच्या कप्प्यात पासपोर्ट साईझचे फोटो आणि आधारच्या झेरॉक्स ठेवल्यात. प्रत्येक झेरॉक्सवर ती कशासाठी देतेस ते आणि तारीख लिहून, मगच सही कर.