एका सीझनमध्ये बंद पडली म्हणून मालिका फसली असं म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कॉमिक्सवरून काढलेल्या आणि लवकर बंद पडलेल्या सुपरहिरो मालिकांवर लेख आला होता, तो वाचून हे पत्र लिहितोय. लेखाचा विषय मस्त होता, मराठी पेपरात या विषयावर कोणी लिहितं हेच मला आवडलं. पण त्यात १९९० च्या ‘द फ्लॅश’ला, म्हणजे अफाट वेगाने पळणाऱ्या हिरोच्या मालिकेला, जेमतेम दोन ओळी मिळाल्यात आणि त्या दोन ओळींचा सूर असा की प्रेक्षकांना आवडली नाही, म्हणून एका सीझनमध्ये गाशा गुंडाळला, विषय संपला. हे मला अजिबात पटलेलं नाही. ही मालिका मी सगळीच्या सगळी बघितलीय, आवडते भाग पुन्हा पुन्हा बघितलेत, त्यामुळे तिच्याबद्दल असं एका फटक्यात लिहिलेलं वाचवत नाही.

आधी बंद का पडली ते बघू. सीबीएस या अमेरिकन चॅनलवर २० सप्टेंबर १९९० ला, गुरुवारी, दोन तासांचा पहिला भाग दाखवून मालिका सुरू झाली. आदल्याच वर्षी ‘बॅटमॅन’ पिक्चरने प्रचंड धंदा केला होता, त्यामुळे सगळ्यांनाच कॉमिक्समधले हिरो पाहिजे होते आणि सीबीएसनं पैसाही सढळ हातानं लावला, एका भागाचा खर्च साधारण १६ लाख डॉलर सांगतात, म्हणजे त्या काळातल्या महागड्या मालिकांमध्ये ही मोडायची. एवढा पैसा लावून तिला वेळ कुठली दिली तर गुरुवारी रात्री आठ. त्याच वेळेला एनबीसीवर ‘द कॉस्बी शो’, जो आधीची कित्येक वर्षं अमेरिकेत पहिल्या नंबरावर ठाण मांडून बसलेला, आणि फॉक्सवर ‘द सिम्पसन्स’, ज्याला फॉक्सनं त्याच सीझनमध्ये मुद्दाम रविवारवरून उचलून कॉस्बीच्या समोर आणून ठेवलं होतं. त्या वर्षी तिकडच्या पेपरांत सगळी चर्चा होती ती या दोघांच्या टकरीची, गुरुवारी आठ वाजता तिसराही कोणी आहे हे कोणाच्या गावीही नव्हतं. मग सीबीएसनं मालिका अर्धा तास पुढे सरकवली, म्हणजे लोकांनी दुसऱ्या चॅनलवरचा कार्यक्रम बघून संपवावा आणि मग इकडे यावं, पण तोवर इकडे नवी मालिका आहे हेच कितीतरी लोकांना कळलेलं नव्हतं.

त्यात जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झालं. सगळी चॅनलं बातम्यांकडे वळली, ते बरोबरच होतं, त्याबद्दल तक्रार नाही, पण परिणाम काय झाला बघा, १० जानेवारीनंतरचा नवीन भाग थेट ३१ जानेवारीला. फेब्रुवारीत जरा गाडी रुळावर येते ना येते तोच फेब्रुवारीअखेर ते मार्चअखेर पुन्हा काही नाही, आणि परत आली तेव्हा गुरुवार जाऊन शनिवार झालेला. शनिवारी रात्री तिकडे तरुण पोरं घरात बसून टीव्ही बघत नाहीत, आणि या मालिकेचा प्रेक्षक तोच होता. आज आपण म्हणू की त्यात काय एवढं, नंतर बघायचं, पण तेव्हा ‘नंतर’ नावाची सोयच नव्हती, वेळ चुकली की भाग गेला, कोणी व्हीसीआरवर टेप करून ठेवला असेल तर नशीब. १८ मे १९९१ ला शेवटचा भाग लागला आणि २२ भागांत सगळं संपलं. आता मला सांगा, मालिका कधी लागते हेच ज्यांना कळेनासं झालं होतं त्यांनी ती नाकारली असं आपण कुठल्या तोंडानं म्हणायचं?

आणि मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती पुढच्या गोष्टीची. मालिकेला आपला सूर सापडला तो नेमका याच मोडतोडीच्या काळात. सुरुवातीच्या भागांमध्ये फ्लॅशसमोर बहुतेक साधे गुंड, टोळ्या, भ्रष्ट पोलिस, असलेच लोक. पोलिसांच्या लॅबमध्ये काम करणारा बॅरी अ‍ॅलन, वीज पडून अंगावर केमिकल उडतं, अफाट वेग येतो, मोटरसायकलवरच्या एका टोळीने भावाला मारलेलं असतं त्याचा हिशोब चुकता करतो, इथपर्यंत छान. पण विजेच्या वेगाने पळणाऱ्या माणसासमोर दर आठवड्याला पिस्तूलवाला गुंड उभा केला तर लढाईत राहतं काय? ही कमतरता मी मान्य करतो, पहिले दहा भाग सलग बघताना ती जाणवतेच. पण मग ३१ जानेवारीचा ‘बीट द क्लॉक’ बघा, एका जॅझ वाजवणाऱ्याला फाशीची शिक्षा झालेली, तो निर्दोष आहे हे सिद्ध करायला फ्लॅशकडे फक्त एक तास, आणि भागही तासाभराचाच. जगातल्या सगळ्यात वेगवान माणसाला वेळ कमी पडतो ही कल्पनाच किती भारी आहे! पुढच्याच आठवड्यात ट्रिकस्टर नावाचा व्हिलन आला, फेब्रुवारीअखेर बॅरीला भविष्यात फेकणारा भाग आला, एप्रिलमध्ये कॅप्टन कोल्ड आणि मिरर मास्टर आले, म्हणजे कॉमिक्स वाचणारे ज्यांची वाट बघत होते ते सगळे व्हिलन तेव्हा आले जेव्हा बघणाऱ्यांना वार आणि वेळ शोधावी लागत होती.

ट्रिकस्टरचं काम मार्क हॅमिलनं केलंय. ‘स्टार वॉर्स’मधला सरळमार्गी ल्यूक म्हणून जगाला माहीत असलेला हा माणूस इथं रंगीबेरंगी चट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत असा काही सुटलाय की बघतच राहावं, क्षणात लहान पोरासारखा खिदळतो, क्षणात डोळे असे होतात की भीती वाटते. १९९२ पासून बॅटमॅनच्या कार्टून मालिकेत त्यानेच जोकरला आवाज दिला आणि तो आवाज आज दंतकथा झालाय. मला विचाराल तर त्या जोकरचं हसू पहिल्यांदा कुठं ऐकू येतं ते याच बंद पडलेल्या मालिकेत.

पण तुमच्या लेखात एका व्यक्तीचं नाव यायलाच हवं होतं असं मला फार वाटतं, ते म्हणजे शर्ली वॉकर. टायटल म्युझिक डॅनी एल्फमनचं, तो बॅटमॅनवाला, हे सगळे लिहितात. पण दर आठवड्याला भागाभागाचं संगीत लिहिलं ते या बाईंनी. १९८९ च्या बॅटमॅनमध्ये एल्फमनचं संगीत वाजवणाऱ्या ऑर्केस्ट्राचं संचालन त्यांनीच केलं होतं, आणि हॉलिवूडमध्ये त्या काळी अशा जागी बाई दिसणं किती दुर्मीळ होतं हे वेगळं सांगायला नको. टीव्हीवर तेव्हा बरंचसं काम सिंथेसायझरवर भागवलं जायचं, ही मालिका मात्र पिक्चरसारखी वाजते. बॅरी पळायला लागला की पितळी वाद्यांचा जो उठाव येतो तो ऐका, आणि भावाची आठवण येते तिथं तेच संगीत किती खाली उतरतं तेही ऐका. हेडफोन लावून नुसतं संगीतासाठी सुद्धा ही मालिका बघावी. पुढे बॅटमॅनच्या त्या कार्टून मालिकेचं संगीत वॉकरबाईंनीच सांभाळलं, ज्याला आजही लोक सुपरहिरो संगीताचा नमुना मानतात. २००६ मध्ये त्या गेल्या. हे काम एका फसलेल्या मालिकेतलं म्हणून बाजूला ठेवायचं का?

ड्रेसचं पण तसंच. डिझाइन डेव्ह स्टीव्हन्सचं, म्हणजे ‘रॉकेटियर’ कॉमिक काढणाऱ्या चित्रकाराचं, आणि तो बनवला रॉबर्ट शॉर्टनं, ज्याला ‘बीटलज्यूस’च्या मेकअपसाठी ऑस्कर मिळालेलं. फोम लेटेक्सचे स्नायू चिकटवलेला जाडजूड लाल ड्रेस, आतमध्ये फ्लॅशचं काम करणारा जॉन वेस्ली शिप घामाने निथळतोय आणि तरीही पळतोय. आजच्या मानाने तो ड्रेस जरा फुगीर दिसतो, मान्य, पण रात्रीच्या शूटिंगमध्ये, निऑनच्या लाल निळ्या उजेडात तो काय शोभतो! गोष्ट जिथं घडते ती सेंट्रल सिटी पण अशी बनवलीय की गाड्या जुन्या, कपडे जुन्या धाटणीचे, आणि लॅबमध्ये मात्र कॉम्प्युटर, त्यामुळे गोष्ट नक्की कुठल्या सालातली ते सांगता येत नाही, म्हणूनच ती आज जुनाट वाटत नाही. त्याच काळातल्या बाकी मालिका लावून बघा, दोन मिनिटांत वर्ष ओळखता येतं.

शिपबद्दल थोडं सांगतो. कॉम्प्युटरवर माणूस पळवायची सोय अजून यायची होती, त्यामुळे वेगाची जादू लाल रेघा आणि कॅमेऱ्याच्या युक्त्यांवर चालायची, आणि बाकीचं सगळं नटाच्या चेहऱ्यावर. पहिल्या भागात भाऊ गेल्यानंतर शिपनं जे काम केलंय त्यात कुठंही कॉमिक्सचा हिरो आहे म्हणून सूट घेतलेली नाही. बॅरीला मदत करणाऱ्या टीना मॅगी या शास्त्रज्ञाचं काम करणाऱ्या अमांडा पेझबरोबरचे त्याचे सीन तर मला पळापळीपेक्षा जास्त आवडतात, दोघं एकमेकांची काळजी करतात आणि ते बोलून दाखवत नाहीत, लेखकांनी पण घाई करून त्यांचं लफडं वगैरे केलं नाही.

आता २०१४ च्या ‘द फ्लॅश’कडे या, जिला तुमच्या लेखात यशस्वी म्हटलंय. ती २०२३ पर्यंत चालली, ९ सीझन, १८४ भाग, यश आहेच, मीही आवडीने बघितली. पण त्या मालिकेनं बॅरीच्या वडिलांच्या भूमिकेसाठी कोणाला बोलावलं? शिपला. टीना मॅगी म्हणून अमांडा पेझ परत आली. २०१५ मध्ये हॅमिल पुन्हा ट्रिकस्टर होऊन आला आणि त्याचा भूतकाळ दाखवायला जुन्या मालिकेतले त्याचे फोटो वापरले. आणि डिसेंबर २०१९ मध्ये, ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ या अनेक मालिकांच्या एकत्र कथेत, मरायचं होतं नव्या बॅरीला पण त्याच्या जागी धावत जाऊन जीव देतो तो १९९० चा फ्लॅश, तोच शिप, तसाच लाल ड्रेस, आणि मध्येच जुन्या मालिकेतला बॅरी आणि टीनाचा सीन दिसतो. २८ वर्षांपूर्वी २२ भागांत बंद पडलेल्या मालिकेला असा निरोप देतात तो कशासाठी? नवी मालिका बनवणाऱ्यांना आपण कोणाच्या खांद्यावर उभे आहोत हे नीट माहीत होतं म्हणून. मी तो सीन बघताना रडलो आणि ते सांगायला मला काही वाटत नाही.

तुमच्या लेखातल्या बाकीच्या मालिकांबद्दल सगळीकडे माझा असाच आग्रह नाही. ‘इनह्युमन्स’ ८ भागांत संपली, तिथं कामच कच्चं होतं. पण ‘कॉन्स्टंटाइन’ १३ भागांत बंद पडूनही त्यातल्या हिरोला, मॅट रायनला, त्याच भूमिकेत पुढे दुसऱ्या मालिकांनी घेतलं, आणि २०१९ ची ‘स्वॅम्प थिंग’ तर पहिला भाग आल्यावर आठवडाभराच्या आत बंद करायचं जाहीर झालं, म्हणजे बाकीचे भाग लोकांनी बघायच्या आधीच निकाल लागला होता. या सगळ्यांना एकाच यादीत एकाच शिक्क्याखाली टाकलं की वाचकाला वाटतं सगळ्यांचं सारखंच झालं असेल.

म्हणून विनंती एवढीच की पुढच्या वेळी अशी यादी छापाल तेव्हा प्रत्येक मालिकेपुढे ती कुठल्या वारी, कुठल्या वेळेला आणि कोणासमोर लागायची हे एका ओळीत द्या, अमेरिकन टीव्हीच्या जुन्या वेळापत्रकांची माहिती आज सहज मिळते, फार कष्ट नाहीत. आणि जमलं तर शर्ली वॉकरवर एक स्वतंत्र लेख छापा, मराठीत तसा लेख माझ्या तरी वाचनात आलेला नाही. ‘द फ्लॅश’चे सगळे भाग २००६ मध्ये डीव्हीडीवर आलेत, लेख लिहिणाऱ्यांनी निदान ‘बीट द क्लॉक’ आणि ट्रिकस्टरचे दोन्ही भाग बघावेत आणि त्यानंतर त्यांचं मत काय होतं ते तुमच्या पुरवणीत जरूर लिहावं, मी वाचेन.

आपला,
एक नियमित वाचक