पाच मिलिमीटरची पट्टी

भुसावळ

चि. ताईस अनेक उत्तम आशीर्वाद.

"नाना, तो धडा काढून टाकू का?" एवढंच विचारलंस आणि लॅबमध्ये कोणी हाक मारली म्हणून फोन ठेवलास. फोनवर मला नीट बोलता येत नाही, तुझी आई मधूनच "जेवली का विचारा" करत असते. म्हणून लिहितो. टेस्टचीच परीक्षा घेणारा तुझ्या प्रबंधातला तो धडा काढू नकोस.

तू पाठवलेलं वाचलं. सूत्रांपुढे माझं डोकं चालत नाही, पण मुद्दा कळला. चालत्या प्रोग्राममध्ये मुद्दाम बारीकशी खोट करायची, अधिकच्या जागी वजा टाकायचं, आणि प्रोग्राम तपासायला लिहिलेल्या टेस्ट ती पकडतात का बघायचं. १९७८ साली डीमिलो, लिप्टन आणि सेवर्ड या संशोधकांनी हे मांडलं म्हणे. आमच्या रेल्वेच्या सिग्नल खात्यात या जातीचं काम कायमच चालायचं, फक्त त्यावर पीएचडी कोणी देत नव्हतं.

सांध्याची, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवतो त्या जागेची, ऑब्स्ट्रक्शन टेस्ट तुला कधी सांगितली का? स्टेशन मास्तरची परवानगी घ्यायची, सांध्याच्या टोकाजवळ टंग रेल (सरकणारा रूळ) आणि स्टॉक रेल (जागचा रूळ) यांच्या मध्ये ५ मिलिमीटरची लोखंडी पट्टी ठेवायची आणि पॅनेलवरून सांधा फिरवायला सांगायचं. मोटर घरघरते, क्लच घसरतो, पण सांधा लॉक होता कामा नये आणि सिग्नलही मिळता कामा नये. मिळाला तर मशीन खोटं बोलतंय. मग पट्टी काढून सांधा नीट बसतो का बघायचं, आणि तेच पुन्हा उलट्या बाजूने. मे महिन्यात भुसावळच्या यार्डात रुळाला हात लावायची सोय नसते. नवी पोरं कुरकुरायची, "साहेब, यावरून रोज गाड्या जातात, मग पट्टी कशाला?" अरे, बसलेला सांधा बसतो हे गाड्या सांगतातच. न बसलेल्या सांध्याला मशीन 'बसला' म्हणेल का, ते पट्टीशिवाय कसं कळणार?

तुझा आकडा हेच सांगतो. कव्हरेज शंभर टक्के, प्रोग्रामची ओळ न् ओळ टेस्टनी चालवली, तरी पेरलेल्या खोटींतल्या बऱ्याच सुटल्या. ओळ चालवली, पण निघालेलं उत्तर बरोबर का चूक ते कोणी ताडूनच पाहिलं नाही, तर दुसरं काय होणार? आकडा वाईट दिसतो म्हणतेस. दिसू दे की! कमीपणा आला तर त्या टेस्ट लिहिणाऱ्यांना येईल, तुला कशाला?

एका बाबतीत मात्र मी तुझ्या गाईडच्या बाजूने आहे. सुटलेल्या बदलांपैकी काहींनी मुळात बिघाड होतच नाही, बदल केला तरी प्रोग्राम होता तसाच वागतो; ते हाताने वेगळे काढ. ते अचूक वेगळे काढणारी पद्धत कुठल्याही प्रोग्रामला लागू होईल अशी निघूच शकत नाही, असं तूच लिहिलंयस. मग हातानेच निवडायला हवं. गव्हातले खडे निवडण्याइतकं कंटाळवाणं आहे, कबूल. पण न निवडता आकडा छापलास तर परीक्षक पहिलं तिथेच धरेल, आणि बरोबर धरेल.

विमानाचा हिशोब वाचून तर मी कॅलेंडर उलटं करून भागाकार करत बसलो. बिघाड झाला तर विमानच पडेल अशा यंत्रणेला तासामागे १०० कोटीत एक एवढीच शक्यता चालते. १०० कोटी तास, भागिले वर्षाचे ८,७६०. टेस्ट चालवत बसायचं तर एक लाख चौदा हजार वर्षं! नुसत्या टेस्ट घेऊन हे सिद्ध होणार नाही, हे बटलर आणि फिनेली यांनी १९९३ मध्येच दाखवलं, मग लोक अजून "सगळ्या टेस्ट पास" असं छातीठोकपणे कसं सांगतात कोण जाणे. आमच्या ट्रॅक सर्किटला, म्हणजे रुळावर गाडी आहे का ते रुळातल्या विजेवरून ओळखणाऱ्या यंत्रणेला, तार तुटो की बॅटरी उतरो, रिले (विजेवर चालणारा स्विच) पडतो आणि सिग्नल लाल होतो. बिघडायचं ते कुठल्या बाजूला, हे आधीच ठरवलेलं. सॉफ्टवेअरला अशी बाजू आपोआप मिळत नाही, हे तुझं वाक्य मला सगळ्यात आवडलं आणि तेच तू तळटीपेत घातलंयस. वर आण ते.

दिवाळीला छापील प्रत घेऊन ये, स्क्रीनवर वाचून डोळे चुरचुरतात. तोवर बामणोदची वांगी निघाली तर भरीत नि कळण्याची भाकरी करायचं आईने आत्ताच ठरवून टाकलंय. मैत्रीण येणार असेल तर तिला तिखट कितपत चालतं ते कळव, नाहीतर आई काही ऐकायची नाही.

तुझा,
नाना