गच्चीवरचं सोलर: बाबांना पत्र

रेडिंग, इंग्लंड,
९ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, गुरुवारी फोनवर तुम्ही दोनदा विचारलंत, "तुला तिकडे सरकार विजेचे पैसे देतं ना?" मी दोन्ही वेळा घाईत हो म्हटलं. मग रात्री दादाने आपल्या सोसायटीच्या गच्चीसाठी सोलरवाल्याने दिलेल्या कोटेशनचा फोटो पाठवला, आणि माझं ते "हो" तुम्ही सोसायटीच्या मीटिंगमध्ये खजिनदार म्हणून सांगणार, हे लक्षात आलं. म्हणून हे लिहितेय. दादाला सांगा, प्रिंट काढून दे. फोनवर तुम्ही तीन ओळींपुढे वाचत नाही.

तर पहिली गोष्ट, सरकार एक पैसाही देत नाही. देते ती वीज कंपनी. १ जानेवारी २०२० पासून इथे नियम आहे की दीड लाखाच्या वर घरगुती ग्राहक असलेल्या कंपनीने लोकांच्या छपरावरची जादा वीज विकत घ्यायलाच हवी. दर किती? ते कंपनी ठरवणार. कायद्याची अट एवढीच की तो शून्यापेक्षा जास्त हवा! त्यामुळे दुकानं फिरून भाव काढावा लागतो, आपण गोखले रोडवर साडीसाठी फिरतो तसा.

मला युनिटला १५ पेन्स मिळतात आणि मी वीज घेते ती २६ पेन्सने. आता तुम्हीच सांगा, विकण्यात शहाणपण की वापरण्यात? म्हणून आमचं वॉशिंग मशीन दुपारी बारा वाजता फिरतं आणि ऊन पडलं की मी ऑफिसच्या कॉलमध्ये असतानाही उठून डिशवॉशर लावते. गेल्या जूनमध्ये विक्रीचे ३७ पौंड जमा झाले, तेव्हा मी तुम्हाला लगेच फोटो पाठवला होता. डिसेंबरचे १ पौंड ३२ पेन्स आले, त्याचा फोटो पाठवला नाही. हल्ली साडेचारलाच अंधार पडतो. पॅनेल बिचारे काय करतील?

शेजारच्या आजोबांचं मात्र वेगळं आहे. त्यांनी पॅनेल लावले जुन्या योजनेत, जी २०१० ला सुरू झाली आणि मार्च २०१९ नंतर नव्या लोकांना बंद झाली. त्यांना वीज तयार केल्याचेच पैसे मिळतात, वर विकल्याचे वेगळे. विकली किती ते कोणी मोजतच नाही, निम्मी विकली असं धरून चालतात. आजोबा दिवसभर हीटर लावून बसतात आणि निम्म्याचे पैसे घेतात. मला त्यांचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

आणि माझी फजिती तुम्हाला सांगितलीच नव्हती. २०२३ च्या एप्रिलमध्ये पॅनेल बसले. मला वाटलं, आता पैसे येणार. पण विक्रीसाठी मीटरला वेगळा नंबर लागतो, बसवणाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं आणि दर अर्ध्या तासाची नोंद ठेवणारं स्मार्ट मीटर लागतं. बसवणाऱ्याने एक कागद पाठवायचा राहून गेला, कंपनी म्हणे आमच्याकडे काही आलंच नाही. नंबर आला सप्टेंबरात. सगळा उन्हाळा हजाराच्या वर युनिटं तारेवर फुकट गेली, आणि मागचे पैसे कोणी देत नाही. कागद पुरे होईपर्यंत शेवटचा हप्ता द्यायचा नाही, हे तेव्हा तुम्ही असतात तर सांगितलं असतंत.

बॅटरीचं दादाने विचारलंय. माझ्याकडे पाच युनिटांची आहे. रात्री वीज स्वस्त असते तेव्हा भरायची, संध्याकाळी महाग असते तेव्हा वापरायची. काही लोक रात्री घेतलेली वीज संध्याकाळी परत विकतातसुद्धा, पण सगळ्या कंपन्यांना ते चालत नाही. शिवाय दहा युनिटं भरली तर हाती नऊच्या आसपास येतात. हा सगळा खेळ इथे जमतो तो घेण्याच्या आणि विकण्याच्या भावात आणि रात्रीच्या आणि संध्याकाळच्या भावात फरक आहे म्हणून.

आपल्याकडे तसं नाही, आणि मला मुख्य हेच सांगायचंय. महावितरणच्या नेट मीटरमध्ये दुपारी गच्चीवरून गेलेलं युनिट लिफ्टने रात्री वापरलेल्या युनिटातून वजा होतं, युनिटास युनिट. उरलं तर पुढच्या महिन्याच्या बिलात. म्हणजे महावितरणच तुमची बॅटरी, तीही फुकटची. मग त्या कोटेशनमध्ये बॅटरीचे लाखभर रुपये कशाला? काढून टाकायला सांगा. आणि "सोसायटी वीज विकून कमावेल" ही ओळही खोडायला सांगा. ३१ मार्चला वर्षाचा हिशोब होतो, तेव्हा जे उरेल त्याचे पैसे मिळतात, पण फार कमी दराने. पेपर ज्या भावाने घेतो त्या भावाने रद्दीवाला नेतो का? तेव्हा पंप, लिफ्ट आणि जिन्याचे दिवे मिळून वर्षाला जेवढी युनिटं लागतात, तेवढंच सोलर बसवा. बारा महिन्यांची बिलं तुमच्या फाइलमध्ये लावलेली असणारच.

बिलावर "मंजूर भार" लिहिलेला असतो, त्याच्यापेक्षा मोठं सोलर बसत नाही. "स्थिर आकार" तर द्यावाच लागतो, सोलरवाला काहीही म्हणो. केंद्राच्या सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापराला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. ते ७८,००० वालं स्वतंत्र घरासाठी असतं, दोन्ही मिसळून कोणी सांगत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट जागा आणि दिवसाला सरासरी चार युनिटं, एवढा हिशोब डोक्यात ठेवा.

जोशीकाका विचारतील, लाइट गेली तरी आपली लिफ्ट चालेल का. नाही चालणार. बाहेरची वीज गेली की साधा सोलर इन्व्हर्टर स्वतःहून बंद पडतो. खांबावर चढलेल्या लाइनमनला आपल्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून तशीच योजना असते. लिफ्टला हवाच असेल तर वेगळा बॅकअप, तो विषयच वेगळा.

मला खरी शंका आहे ती दुसरीच. पाचपाखाडीत आपल्या डाव्या-उजव्या हाताला दोन टॉवर उठलेत आणि आपली इमारतही रिडेव्हलपमेंटला जायची चर्चा दर वर्षी होते. पॅनेल पंचवीस वर्षं चालतात. चार वर्षांत इमारत पडणार असेल तर पॅनेल काढून नेता येतील, पण स्ट्रक्चर, केबल आणि मजुरी गेली. आणि टॉवरची सावली दुपारी किती वाजता गच्चीवर येते, ते दोन रविवार वर जाऊन बघा. सोलरवाला ते बघायला आला होता का?

आई, तुला कुरडया-पापडांची काळजी आहे, दादा म्हणाला. टाकीमागची पट्टी तुझी, असं मी सुचवणार होते. मग आठवलं, ती दुपारी दोनलाच सावलीत जाते. म्हणजे पॅनेलला नको ती जागा तुलाही नको. पाण्याच्या टाकीच्या डोक्यावर पॅनेल चढवता येतील का, ते बाबांना विचारायला सांग.

तुमची,
मुग्धा