महाबळेश्वर सहल: गाडीचे ब्रेक आधी तपासून घ्या

सर्व सदस्यांना,
येत्या शनिवारी सकाळी ६ वाजता पुण्याहून निघायचं आहे. परतताना पसरणी घाटाचा सलग उतार आहे, म्हणून गाड्या गुरुवारपर्यंत गॅरेजला दाखवून घ्या. शुक्रवारी संध्याकाळी ७ वाजता सोसायटीच्या पार्किंगमध्ये पाहणी होईल.

- ब्रेक पॅड (चाकाची डिस्क दाबून गाडी थांबवणारे): चाक काढून जाडी बघायला सांगा. थर ३ मिमी किंवा कमी उरला असेल तर डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदला. एकाच बाजूचे बदलले तर ब्रेक मारताना गाडी ओढते.
- ब्रेक ऑइल: पातळी उतरली म्हणून नुसतं वरून भरू नका. एकतर पॅड झिजलेत, नाहीतर गळती आहे. दोन वर्षांपेक्षा जुनं ऑइल पूर्ण बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. घाटात तापल्यावर त्याची वाफ होते आणि पेडल थेट खाली जातं. ऑइलचा प्रकार डॉट ३ की डॉट ४, ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर बघा.
- पेडल स्पंजासारखं दबतंय? ब्रेक ऑइलच्या लाइनमध्ये हवा असणार, ब्लीडिंग करून (म्हणजे ती हवा काढून) घ्या.
- हँडब्रेक चढावर तपासा.

उतारावर दुसरा गिअर ठेवा. न्यूट्रल कोणीही करायचं नाही (पेट्रोल वाचतं वगैरे सोडा). पाहणीत नापास झालेली गाडी नेता येणार नाही. त्या कुटुंबाची सोय इतर गाड्यांत करू.