थ्रोसुद्धा मोजले जावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शालेय क्रिकेटचे सामने सुरू झाले की मैदानावरच्या मुलांच्या धावा आणि बळी मोजले जातात. त्यांचा खांदा किती राबला, हे मात्र कुणी मोजत नाही. माझा मुलगा 14 वर्षांचा, मध्यमगती गोलंदाज. गेल्या हंगामात शर्ट घालताना तो आधी उजवा हात बाहीत सरकवू लागला आणि दप्तर डाव्या खांद्यावर गेले, तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आले. विचारल्यावर कळले की दोन महिन्यांपासून बॉल टाकताना चमक येत होती, आणि प्रशिक्षकांनी ‘खांदा अजून कच्चा आहे, गरम झाला की दुखायचा थांबेल’ असे सांगून स्प्रे मारला होता. एक्स-रेमध्ये दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाशी असलेली वाढीची पट्टी डाव्या बाजूच्या तुलनेत रुंदावलेली दिसली. डॉक्टरांनी तीन महिने बॉल आणि थ्रो दोन्ही बंद ठेवायला सांगितले.

श्रेयस अय्यरचा खांदा मार्च 2021 मध्ये गहुंजे येथे इंग्लंडविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना निखळला, तो साऱ्यांनी पाहिला. मुलांचे दुखणे असे एका क्षणात होत नाही, म्हणून ते नजरेतून सुटते. खांद्याची खोबण मुळातच उथळ असते. बशीत चेंडू ठेवावा तसा दंडाचा गोळा तिच्यात बसतो आणि त्याला जागेवर धरून ठेवण्याचे काम मुख्यतः भोवतालचे स्नायू करतात. फेकताना हात मागे पिळला जातो आणि बॉल सुटल्यावर त्याचा वेग आवरण्याचा ताण खांद्याच्या मागच्या स्नायूंवर येतो. पाय आणि कंबर थकली की उरलेला जोर एकट्या खांद्यातून काढला जातो. त्यातच दंडाच्या हाडाची सुमारे 80 टक्के वाढ वरच्या टोकाशी होत असल्याने वाढत्या वयात कूर्चेची ती पट्टी हाडापेक्षा नाजूक असते आणि वारंवारच्या पिळाने तीच आधी दुखावते. हा कच्चेपणा नव्हे, विश्रांती न मिळालेल्या श्रमाचा परिणाम आहे.

आम्ही मुलाला समोर बसवून एका आठवड्याचा हिशेब मांडला. सकाळी शाळेचा सराव, संध्याकाळी क्लब, रविवारी सामना. प्रत्येक ठिकाणच्या सरांना आपल्याकडची षटके ठाऊक होती, दुसरीकडची नव्हती. आणि सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे केलेले थ्रो तर कुणाच्याच वहीत नव्हते. आठवड्याला तीनशेच्या आसपास बॉल आणि जवळजवळ तितकेच थ्रो भरले. अमेरिकेतील लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल स्पर्धांमध्ये 2007 पासून फलंदाजाकडे टाकायच्या फेकींवर वयानुसार मर्यादा आहे. 13 ते 16 वयाच्या मुलाला दिवसाला 95 फेकी, आणि 14 वर्षांपर्यंतच्या मुलाने 66 किंवा त्याहून अधिक फेकी केल्यास चार दिवस विश्रांती सक्तीची. बेसबॉलमधील ही फेक आणि क्रिकेटमधील गोलंदाजी सारखी नाही, हे मान्य. पण थ्रो तर दोन्हीकडे कोपरातून वाकवूनच केला जातो.

शालेय स्पर्धांचे आयोजक आणि क्लब यांना माझी कळकळीची विनंती आहे की प्रत्येक मुलाची एकच नोंदवही असावी; ती त्याच्याबरोबर शाळेत, क्लबमध्ये आणि सामन्याला फिरावी, तिच्यात बॉल आणि थ्रो दोन्ही लिहिले जावेत, आणि त्या दिवशी खांदा दुखला का, हा रकाना मुलाने स्वतः भरावा. माझ्या मुलाने तो रकाना पहिल्याच आठवड्यात भरला असता.

आपला विश्वासू,
एक पालक, ठाणे