अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी इतिहास-संशोधन वर्ग : मदतीचे आवाहन

वाई व परिसरातील सर्व नागरिकांस सप्रेम नमस्कार.

मेणवलीच्या घाटावर, मेणेश्वराच्या देवळाजवळ टांगलेली मोठी घंटा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. तिच्यावर बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हा ही घंटा तेथील चर्चमधून आणली आणि ती नाना फडणवीसांच्या वाड्यापाशी बसवली, असे आपण पाहुण्यांना सांगतो. गेल्या वर्षी आमच्या वाचनालयात येणाऱ्या अकरावीच्या काही मुलांना आम्ही एवढाच प्रश्न विचारला, की यातले घंटा स्वतः काय सांगते आणि आपण काय सांगतो? मुलांनी तासभर वाद घातला. वसई पडली ती १७३९ च्या मे महिन्यात आणि नानांचा जन्म १७४२ चा, हे एका मुलीने पुस्तकातून काढून दाखवले. म्हणजे वसईहून निघालेली घंटा मेणवलीत नानांच्या दारी पोहोचण्याआधी मध्ये बरीच वर्षे गेली असली पाहिजेत. त्या वर्षांत ती कोठे होती, कोणाकडे होती, याबद्दल घंटा काहीच बोलत नाही. १७०७ या आकड्यावरून ती केव्हा ओतली गेली ते कळते, कशी आली ते कळत नाही. घंटा वसईची नाही, असा निष्कर्ष मुलांनी काढला नाही, आणि आम्हाला त्याचेच समाधान वाटले. ‘परंपरा तशी सांगते, लेखी पुरावा शोधायला हवा’ एवढेच त्यांनी वहीत लिहिले.

त्या एका तासातून या वर्गाची कल्पना निघाली. अकरावी-बारावीच्या मुलांना इतिहासाचा प्रकल्प करावा लागतो, पण तो कसा होतो हे पालकांना ठाऊक आहे. आमच्यापैकी एकाने मध्यंतरी एका वर्गाच्या वह्या पाहिल्या. विषय वेगवेगळे होते, परंतु प्रस्तावना आणि निष्कर्ष शब्दशः एकच होते, कारण सर्वांनी ते एकाच ठिकाणाहून उतरवले होते. दोष मुलांचा नाही. अस्सल कागद कधी हातात आलाच नाही, तर तो तपासायचा कसा हे त्यांना कोण शिकवणार?

येत्या जूनपासून तीस विद्यार्थ्यांसाठी चोवीस रविवारांचा वर्ग घेण्याचे आमच्या इतिहास अभ्यास समितीने ठरवले आहे. पहिले काही रविवार मोडी लिपीला जातील. आधी रेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता लिहिलेली ती अक्षरे सुरुवातीला सगळी सारखीच दिसतात, पण सरावाने डोळा बसतो, असा आमचा अनुभव आहे. खरी कसोटी लागते ती कालगणनेशी. जुन्या पत्रात ‘सीत सबैन मया व अलफ’ असे लिहिलेले असते. सीत म्हणजे सहा, सबैन म्हणजे सत्तर, मया शंभर आणि अलफ हजार, म्हणजे हे शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतली एक कालगणना) ११७६ झाले. ते इसवी सन समजले तर सवाई माधवरावांच्या काळातले पत्र थेट बाराव्या शतकातले ठरते! इसवी सन काढायला शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात. दोहोंपैकी कोणता आकडा घ्यायचा हे महिन्यावरून ठरते, कारण शुहूर वर्ष मृग नक्षत्राला, म्हणजे आपल्या पेरणीच्या सुमारास बदलते. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे एकदा सांगितले की तो विसरत नाही.

लिपी आणि तारीख जमली की पुढचा प्रश्न येतो तो कागदाच्या खरेपणाचा. वतनाच्या भांडणांत बनावट कागद तेव्हाही केले जात. म्हणून पत्राच्या शेवटी मोर्तब, म्हणजे समाप्तीचा शिक्का, का करत, महजरावर, म्हणजे पंचांच्या निवाड्याच्या कागदावर, पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी का असे, आणि साक्ष देणारा माणूस वादात कोणाच्या बाजूचा होता, हे मुलांनी प्रत्यक्ष कागदावर बोट ठेवून पाहावे असे आम्हाला वाटते. एखादा कागद केवढा फरक करू शकतो याचे उदाहरण महाराष्ट्राला परिचित आहे. शिवरायांचा जन्म शके १५४९ मधला असे पूर्वी मानत. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडील तिथीवार घटनांची नोंद, प्रसिद्ध केली आणि तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी निघाली. शिवभारत या शिवकालीन संस्कृत काव्यातही तीच तिथी मिळाल्यामुळे तिला बळ आले, तरीही वाद पुढे अनेक वर्षे चालला. स्वतंत्रपणे लिहिलेली दोन साधने एकमेकांशी जुळणे म्हणजे काय, हे समजावून सांगायला याहून सोपा धडा आम्हाला सापडलेला नाही.

आमचा वर्ग केवळ पेशवाईत रमणार नाही. धोम धरणासाठी ज्यांची घरे-शेते पाण्याखाली गेली त्यांच्यातील जाणती माणसे आज थकली आहेत. त्यांच्या मुलाखती कशा घ्यायच्या, आठवण आणि पुनर्वसनाचा सरकारी कागद यांत तफावत आली तर दोन्ही कसे नोंदवायचे, हे मुले उत्तरार्धात शिकतील. समितीत यावर मतभेद होता, तो येथे लपवत नाही. काहींना हे ‘इतिहासात मोडत नाही’ असे वाटत होते. बहुमत मात्र या कामाच्या बाजूने झाले, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते हेच काम सर्वांत निकडीचे आहे.

आता खर्चाविषयी. मोडी शिकवणाऱ्या व इतर मार्गदर्शकांचे मानधन आणि प्रवास यांसाठी ४८,००० रुपये, कागदांना धक्का न लावता प्रती काढणारे स्कॅनर व दिवे यांसाठी ३५,००० रुपये, भिंगे, झेरॉक्स व वह्या यांसाठी १५,००० रुपये, आणि पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ व पुराभिलेखागार पाहण्यासाठीच्या सहलीला २२,००० रुपये धरले आहेत. एकूण १,२०,००० रुपयांपैकी ३०,००० रुपये वाचनालयाने स्वतःच्या निधीतून बाजूला काढले आहेत. उरलेल्या ९०,००० रुपयांसाठी हे आवाहन आहे. एका विद्यार्थ्याचा वर्षभराचा खर्च ४,००० रुपये येतो, तो कोणी एकाने किंवा चार मित्रांनी मिळून उचलला तरी चालेल. विद्यार्थ्यांकडून शुल्क घेतले जाणार नाही. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि जमाखर्च वाचनालयाच्या फलकावर दर महिन्याला लावला जाईल.

पैशांइतकीच गरज माणसांची आणि कागदांची आहे. मोडी वाचणारे निवृत्त महसूल कर्मचारी, मोल्सवर्थचा जुना कोश किंवा गॅझेटियरचे खंड घरी असलेले वाचक, आणि महिन्यातून एक रविवार देऊ शकणारे शिक्षक यांनी अवश्य कळवावे. कागदांच्या बाबतीत एक अडचण आम्ही जाणून आहोत. मेणवलीचे नानांचे दफ्तर दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या प्रयत्नांमुळे अभ्यासकांपुढे आले, परंतु ते गावातून गेले ते गेलेच. आपल्या घरचा रुमालही (फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा) एकदा बाहेर गेला की परत येणार नाही, किंवा त्यातून भाऊबंदकीचा जुना वाद उकरला जाईल, अशी भीती अनेकांना वाटते आणि ती अनाठायी नाही. म्हणून आम्ही कागद मागत नाही. विद्यार्थी व एक मार्गदर्शक आपल्या घरी येतील, आपल्यासमोर प्रत काढतील आणि मूळ कागद तेथेच ठेवून जातील. जमिनीच्या हक्काशी संबंधित मजकूर आपल्या लेखी संमतीशिवाय वर्गात वापरला जाणार नाही.

देणगी आणि नावनोंदणी वाचनालयाच्या कार्यालयात रोज सायंकाळी ५ ते ८ या वेळेत ३१ मेपर्यंत स्वीकारली जाईल. आम्ही आपल्याकडे येईपर्यंत एक विनंती आहे. जुन्या कागदांच्या घड्या जोर लावून उलगडू नयेत, फाटलेल्या ठिकाणी चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. कोरड्या सुती फडक्यात बांधून ते भिंतीपासून दूर ठेवावेत आणि कोणत्या पेटीत, कोणाच्या नावाने सापडले, ते एका चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवावे.

आपले,
वाचनालयाची इतिहास अभ्यास समिती